खिडकीपाशची खुर्ची

रायापूर,
मे २००३

प्रिय वनिता,

दिवाळीनंतर मी तुझ्या गावाकडे फिरकले नाही. शाळेच्या परीक्षा, पाहुणे, पाठदुखी अशी कारणं सगळ्यांना सांगत सुटले, आणि ती कुणालाच पटली नाहीत. खरं म्हणजे मला तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती. का ते सांगते, पण जरा सवडीने सांगू दे.

आपल्या मंडळाची बैठक रविवारी झाली, देशपांडे नगरला, नेहमीच्याच दवाखान्याच्या माडीवर. तुझी खुर्ची अजून खिडकीपाशीच आहे. आठवतं, पहिल्यांदा आलीस तेव्हा डॉक्टरमंडळी बोलबोल बोलली, मग तुला विचारलं, तर तू म्हणालीस, "तुम्ही सगळे शाणे बोलून झाल्यावर माझं तोंड उघडत न्हाई अक्का. फुडच्या टायमाला आधी मी बोलतो." पद्मनाभ वकिलांनी ते तिथल्या तिथे नियमांत घातलं. बऱ्या न होणाऱ्या मुलांच्या घरी नर्सने कधी जायचं, दुखण्यावरचं औषध कुठे ठेवायचं, काहीही ठरवायचं असो, आधी पालक बोलणार, मग डॉक्टर. त्याच वकिलांनी आणखी एक नियम केला होता: ज्याचं मूल आपल्या देखरेखीखाली आहे त्यानेच त्या खुर्चीत बसायचं. आपण सगळ्यांनीच माना डोलावल्या होत्या. मग तुझी रेखा गेली, आणि महिन्याभरात तुझी खुर्ची मला मिळाली.

त्या खुर्चीत बसून मी काय दिवे लावले ते ऐक. तुमच्या अळणावर भागातली नर्सची फेरी आठवड्याऐवजी पंधरवड्याला करायचा विषय निघाला. आधी बोलायचं होतं मी. मी रायापूरची, दारात बस, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. मधल्या आठवड्यात औषध संपलं तर खेड्यातल्या घरात काय होतं, हे मला कुठे माहीत? तू असतीस तर सांगितलं असतंस, की भागीरथी सिस्टर जीप ओढ्याच्या अलीकडे ठेवून कशा चालत यायच्या, आणि त्या येणार म्हणून रेखा सकाळपासून केस विंचरून कशी बसायची. मी आपली "जरा विचार व्हावा" असं पुटपुटले. विषय जूनच्या बैठकीवर गेला, एवढंच काय ते पदरात पडलं.

आता ज्यासाठी तोंड लपवत होते ते. माझा श्रीहर्ष बरा होतोय. पुण्याला पुन्हा तपासणी केली तेव्हा त्याचा रोग वेगळाच निघाला, औषधाला दाद देणारा. जानेवारीपासून तो शाळेत जायला लागला. परवा पेरूच्या झाडावरून पडून गुडघा फोडून आला, आणि त्याला रागवायचं सोडून मी रडत बसले. तुला कळू नये म्हणून मी भागीरथी सिस्टरांनाही गप्प राहायला सांगितलं होतं. तुझ्या मनात पहिला प्रश्न कोणता येईल ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात तोच आला. मी मंडळातल्या वेंकटेश डॉक्टरांच्या मागे लागून रेखाचे जुने नमुने पुण्याला पाठवायला लावले. तिचं निदान बरोबर होतं, वनिता. करण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं. ते ऐकून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची शरम अजून जात नाही. एकाच वॉर्डात, एकाच चटईवर आपण दोघी रडलो. माझं पोर परत मिळालं आणि तुझं नाही, यात माझा काही दोष नाही, असं मी स्वतःला रोज बजावते. रोज ते पटत नाही.

श्रीहर्षचं नाव मंडळाच्या यादीतून कमी झालं, म्हणजे खुर्ची माझीही राहिली नाही. जूनमध्ये अळणावरचं ठरायचं आणि आधी बोलायला कुणीच नाही. म्हणून रविवारी मी उठून म्हटलं, ज्यांची मुलं गेली त्यांनाच आपण बाहेर काढतो, आणि त्यांच्याइतकं तर आपल्यातल्या कुणालाच माहीत नसतं. वकिलांनी नियम बदलायचं मान्य केलं. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, वनिताला विचारलंत का, ती येईल का? आणि इतके महिने तुझ्या दाराशी न आलेली मी सरळ म्हणाले, हो, विचारलं, येते म्हणाली. त्यांनी तुझं नाव घालूनही टाकलं. हे पत्र लिहायचं कारण तेच. तुझ्याच नियमाच्या उलट वागले मी, आधी ठरवलं आणि आता विचारतेय. नको वाटलं तर नाही म्हण, डॉक्टरांना मी खरं काय ते सांगेन. पण येणार असलीस तर बैठकीच्या आधी घरी ये. दार श्रीहर्ष उघडेल. त्याला बघून तुला जे वाटेल ते बोल, रडावंसं वाटलं तर रड, मला चार शिव्या घाल. आधी तू बोल. मी नंतर बोलेन.

तुझीच,
मेधाअक्का