त्याला कळलं होतं का?

५ डिसेंबर २००३, शुक्रवार

लाइट गेली! नेमकी आत्ताच जायची होती!

दुपारी भांडी आवरून बसले होते. केबलवर जुना काळापांढरा पिक्चर लागला होता. नाव हुकलं, भाकऱ्या थापत होते तेव्हा. केबलचे पैसे दर महिन्याला भरतो, मग बघायलाच हवं. एक बाई गाणं शिकवायला म्हणून एका श्रीमंताच्या बंगल्यात शिरते. खरी ती सरकारची हेर. तो श्रीमंत देशाची गुपितं विकणारा. ज्या साहेबाने तिला पाठवलं त्याचा तिच्यावर जीव — पण तोंडातून शब्द नाही! नुसत्या सिगारेटी ओढतो. मेल्या, बोल की! आणि वायरलेसचं मशीन कुठे लपवलेलं? देवघरात, मूर्तीच्या मागे! मी देवाला हात जोडले आणि त्या माणसाला शिव्या घातल्या.

मग जेवणाचं टेबल. तो श्रीमंत स्वतः उठून तिच्या ताटात वाढतो. हसतो. ‘‘और लीजिए.’’ ती त्याच्याकडे बघते — आणि लाइट गेली.

त्याला कळलं होतं का ती कोण ते? की प्रेमानेच वाढत होता?

६ डिसेंबर

लाइट आली तेव्हा जाहिराती चालू होत्या. भूमिकेला सगळी गोष्ट सांगितली. ‘‘आई, पिक्चर हाय तो.’’ मग थोड्या वेळाने तीच म्हणते, ‘‘पण त्या बाईला वाईट नसेल वाटत?’’ वाटत असणारच. त्याच्या घरचं मीठ खाल्लं ना तिने.

७ डिसेंबर, रविवार

कोंडूमामा आले. भूमिकेला स्थळ आणलंय. धसईचं. मुलगा संदेश, इथेच शहापुरात मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला. घरी भातशेती, आई, मोठा भाऊ, त्याची बायको. बघायचा कार्यक्रम एकवीसला, आपल्याकडे.

मामा गेल्यावर हे म्हणाले, ‘‘आधी कोणतरी तांदूळ घ्यायला जाऊन या.’’ आमच्यात असंच करतात. नव्या तांदळाचं निमित्त काढून घरातली एखादी बाई जाते, घर बघून येते. सासूबाई सांगायच्या — भिंती बघू नको, मोठ्या सुनेचे हात बघ. एरवी आत्या-मावशीला पाठवतात. पण आमच्या सगळ्या जणींना धसईत ओळखतात. मला मात्र कोणी बघितलेलं नाही.

‘‘मग तूच जा,’’ हे म्हणाले. ‘‘पिक्चर बघून तयारी झालीच हाय तुझी!’’

पण एकवीसला मला ओळखतील की! तर म्हणे, ‘‘डोक्यावरून पदर घे. कोण ध्यानात ठेवतंय?’’

भूमिका पाणी आणायला आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

८ डिसेंबर

दत्तजयंती. आरतीत लक्ष नाही. भूमिका सारखी विचारते, ‘‘कधी जाणार? साडी कुठली नेसणार?’’ हिला काय करायचंय!

११ डिसेंबर, गुरुवार

जाऊन आले.

मार्गशीर्षातला गुरुवार. सकाळी लवकर घट मांडला, पोथी वाचली आणि निघाले. सरळगावला एसटी बदलली. धसईत घर विचारत गेले. ओटीवर मुलाची आई, हिराबाई, सुपात तांदूळ पाखडत होत्या. म्हटलं, तांदूळ हवाय. त्या उठल्याच. ‘‘आधी आत या गो. आज गुरुवार. दारात आलेली बाई कोण असेल, काय सांगावं!’’ कहाणीत महालक्ष्मी म्हातारीचं रूप घेऊन दारात येते ना, ते त्यांच्या मनात असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी माझे पाय धुतले. हळदकुंकू लावलं. ओटी भरली. नाव विचारलं. समोर त्यांचा घट मांडलेला, देवीचा मुखवटा माझ्याकडे बघतोय — आणि मी म्हणाले, ‘‘ताराबाई. आसनगावची.’’

मोठी सून वैष्णवी. हात बघितले. हातभर काकणं, चटका नाही, ओरखडा नाही. ती म्हणाली, ‘‘आई, तुमी बसा, गुडघा दुखतोय ना.’’ तर सासू, ‘‘गप गो! मला म्हातारी करून तुला काय मिळणार?’’ दोघी खिदळल्या. नाटक असं करता येत नाही.

सगळ्यांना उपवासाची खिचडी. मला मात्र उकडलेली रताळी आणि दूध. साबुदाण्याने माझी छाती जळते, म्हणून देवीचीच कृपा म्हटलं. हिराबाई स्वतः वाढत होत्या. ‘‘घ्या ना अजून.’’ हसत होत्या. मला तो पिक्चरमधला माणूस आठवला आणि मी ताटावर हात आडवा धरला.

‘‘मुली किती?’’

‘‘एकच.’’

‘‘पोरीला भाकरी येते का?’’

खोटं बोलायचं सुचलंच नाही. ‘‘येते, पण कडा फाटतात.’’

पायलीभर तांदूळ घेऊन आले. घरात भरपूर आहे. आता हा हिशेबात कशाखाली लिहू?

१२ डिसेंबर

भूमिका — ‘‘काय वाढलं त्यांनी? कशा हायेत त्या?’’ म्हटलं, चांगल्या आहेत. फार चांगल्या. तेच तर!

१४ डिसेंबर

एकवीसला त्या बाईसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू? माझे पाय धुतले त्यांनी. मी त्यांना नावसुद्धा खरं सांगितलं नाही. तेही घटासमोर. पोथी उघडली की तेच पान डोळ्यांसमोर येतं, दारातली म्हातारी. ती देवी होती. मी कोण?

१५ डिसेंबर

पिक्चर परत लागेल का, म्हणून केबलवाल्या आदेशला विचारलं. ‘‘काकी, मी तार जोडतो, पिक्चर नाय ठरवत!’’

१६ डिसेंबर

यांना सांगितलं, स्थळ नको. ‘‘येडी का काय? एवढं चांगलं घर!’’ म्हणून तर नको. ओळखलं की तेच मोडतील, गावभर सांगतील — पोरीची आई खोटारडी. त्यापेक्षा आपणच नाही म्हणू. हे चिडले. ‘‘मग त्या दिवशी ताप आला म्हणून झोपून राहा.’’ आणखी एक खोटं!

भूमिका जेवली नाही. दाराशी येऊन एवढंच म्हणाली, ‘‘आई, मोडू नको ना.’’ अजून मुलगा बघितलासुद्धा नाही, आणि डोळ्यांत पाणी!

१७ डिसेंबर

ठरलं. उद्याचं उद्यापन होऊ दे. परवा कोंडूमामांकडे निरोप पाठवायचा. पायलीभर तांदूळ कोपऱ्यात तसाच बांधलेला आहे. शिजवायला हात होत नाही.

१८ डिसेंबर, शेवटचा गुरुवार

सवाष्णी संध्याकाळी यायच्या होत्या. दुपारीच कडी वाजली. दारात हिराबाई!

‘‘काय ताराबाई, तांदूळ मिळंल का गो?’’

मी दाराला धरून उभी. त्यांनी पिशवी पुढे केली. रताळी.

‘‘साबुदाण्याने तुमची छाती जळते ना? भूमिकेने संदेशला सांगितलं, संदेशने मला. तुमी यायच्या आधीच! दोन वर्षांची ओळख हाय त्यांची.’’

मागे वळून बघते तर भूमिका तांब्या घेऊन उभी, पाय धुवायला. मान खाली. पण हसत होती.

‘‘भाकरीच्या कडा मी बघून घेईन,’’ हिराबाई म्हणाल्या.

कळलं होतं. पहिल्यापासून. आणि तरी प्रेमानेच वाढत होत्या.