खंडेनवमीची सायकल

लश्कर, ग्वाल्हेर
१२ ऑगस्ट २०२४

चि. समरजीत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हा माणूस ज्या दिवशी सायकलवरून उतरेल त्या दिवशी बोलायचा थांबेल, असं आई एकदा भांडी पुसता पुसता बाबांबद्दल म्हणाली होती. हल्ली ते सारखं आठवतं.

फोनवर बाबा कान लावून बसतात, म्हणून पत्र. त्यांचे गुडघे आता पेडल मारू देत नाहीत. तिकडे गोरखीत त्यांचे जुने दोस्त सदाशिवकाका खिडकीशी वाट बघतात. डोळे गेल्यापासून ते बाबांना सायकलच्या घंटीवरूनच ओळखतात. परवा बाबा अर्ध्या वाटेवरच्या फूलबागेपासूनच धापा टाकत परतले. ई-रिक्षा करून देते म्हटलं तर म्हणाले, मला पार्सल करू नकोस. नवी सायकल घेऊ म्हटलं तर म्हणाले, नवऱ्याला घे, त्याचं पोट सुटलंय.

जुन्या सायकलला बिजलीची मोटर बसते म्हणे. तू इंजिनिअर, तूच सांग. बाबांच्या कानावर घातलंय, तेव्हापासून रोज सायकलला तेलपाणी चाललंय.

लोभ आहेच, तो अधूनमधून कागदावरही दिसू दे.

तुझी,
गरिमाताई


हैदराबाद
२० ऑगस्ट २०२४

ती. गरिमाताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर तुझं अक्षर पाहून आधी वाटलं, बाबांना काही झालं. आता टेन्शन मत लेना, मोटर मी पाठवतो. पण त्याआधी सायकल नीट तपास. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात मोटरचं चाक मावेल का, ते मोज. चाकं डगमगत नाहीत ना, बघ. दांड्यांचे ब्रेक त्या वेगाला पुरणार नाहीत, ते बदलावे लागतील.

सगळ्यात महत्त्वाची फ्रेम. प्रत्येक सांधा, विशेषतः हँडलखालचा, पुसून उजेडात बघ. केसाएवढी भेग दिसली तरी मोटर विसर. तशी सायकल नुसती चालवणंही धोक्याचं.

मीच येऊन पाहिलं असतं, पण इथून निघणं होत नाही. भाऊजींच्या पोटाला नमस्कार.

माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
समर


लश्कर, ग्वाल्हेर
२८ ऑगस्ट २०२४

चि. समर,
आशीर्वाद.

बाबांनी स्वतः टॉर्च धरला. चिमटा ठीक, चाकं ठीक. बाबा अगदी खुशीत, मला वरून सूचना देत होते. मग हँडलखालच्या सांध्यापाशी माझा हात थांबला. आजोबांची तलवार थोरल्या काकांकडे गेली, तेव्हापासून खंडेनवमीला तिच्या जागी आपण सायकल पुजतो. हळदकुंकू दरवर्षी तिथेच लावतो. वाहिलेलं पुसायचं नाही, म्हणून ते कधी कुणी पुसलंच नाही. वाळलेल्या कुंकवावर पुढच्या वर्षीचं ओलं कुंकू, असं करत जाड खपली धरली होती. मी ती पुसली. खाली गंज, आणि गंजात नख शिरेल एवढी भेग.

बाबांनी टॉर्च बंद केला. देव्हाऱ्यातलं कुंकू आणून अंगठ्याने भेगेवर दाबलं आणि म्हणाले, झालं, आता काही दिसत नाही.

वेल्डिंगवाल्याने सडक्या नळीला हात लावायला नकार दिला. मग मी सायकलला कुलूप घालून किल्ली माझ्याकडे ठेवली. मोटर लावून द्यायला गेले आणि होती ती सायकलही काढून घेतली. तेव्हापासून बाबा एक शब्द बोललेले नाहीत. ताट पुढे केलं तर जेवतात. सदाशिवकाकांच्या सुनेचा फोन आला होता. काका विचारतात म्हणे, घंटी का वाजत नाही. मी फोन बाबांच्या कानाशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं.

काय करू, मला काही सुचत नाही रे.

गरिमाताई


लश्कर, ग्वाल्हेर
४ सप्टेंबर २०२४

चि. समरजीत यास,
अनेक आशीर्वाद.

मी गरिमावर रागावलेलो नाही. तोंड उघडलं की किल्ली मागेन आणि ती रडेल, म्हणून गप्प आहे.

मोटर पाठवू नकोस. मी सायकलवर बसणारही नाही, तुझ्या आईची शपथ. नुसती हातात धरून पायी नेईन, मध्ये फूलबागेत टेकेन. सदाशिवच्या खिडकीखाली घंटी वाजवीन आणि परत येईन. मी बसून आलो की ढकलत आलो, त्याला कुठे दिसतंय.

तू नाहीच म्हणशील. वाटेत पडलो, तर तुला यावं लागेल, म्हणून. तरी गरिमाला एवढं लिही, की किल्ली दे.

बाबा