गोल दिव्याची, चौकोनी दिव्याची

३ नोव्हेंबर

पहिलेच सांगते — माह्यं शुद्धलेखन खराब आहे. नववीत शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिथंच राह्यलं. मोबाईलवर एका बोटानं टाईप करून राह्यली, काच फुटलेली, ळ लवकर सापडत नाई. चुकलं तं चुकलं. वाचणार कोण आहे!

बाबाच्या पिकअपचं लिहून ठेवाचं आहे. पहिल्या मॉडेलपासून सगळं. बाबा एकच गोष्ट दर वेळी वेगळी सांगते, म्हणून.

आज नाई. दिवसभर कापूस वेचला, बोटं दुखून राह्यली.

४ नोव्हेंबर

आमच्याकडं मॉडेलचं नाव कोणी घेत नाई. दिव्यावरून ओळखतात.

पहिली — गोल दिव्याची. ती बाबाची नव्हती, वर्ध्याच्या लक्ष्मणरावची होती. बाबा त्याच्याकडं ड्रायव्हर. स्टेरिंग इतकं जड का वळणावर बाबा सीटवरून उठून फिरवे. मांगचा डाला लाकडी फळ्यांचा. थंडीत चाबी अर्धी फिरवून दहापर्यंत मोजाचं, मंग सुरू होये. आई लग्न होऊन त्याच गाडीत आली — मांगं, आलमारीच्या बाजूले. "आलमारीले दोर बांधला होता, मले नाई," आई म्हणे.

दुसरी — चौकोनी दिव्याची. ही आमची! सेकंडहँड, पण आमची. स्टेरिंग एका हातानं फिरते. मी झाली त्याच साली घरी आली. बाबा सगळ्यायले सांगते, "पोरगी अन् गाडी एकाच साली आल्या. पण गाडी जास्त बोलते."

लोकं हसतात. मीही हसते. काय करू.

५ नोव्हेंबर

तिसरी — लंब्या डाल्याची. फूटभर डाला वाढवला, दिवे वर चढवले. बाबाले आवडत नाई. म्हणे, "मांगचा भाग कुठं चालला ते समजतच नाई."

चौथी — नवीन. दिवे पांढरे, डोळ्यात घुसतात. धूर नाई, आवाज तं नाईच. त्याच्याबद्दल बाबा काहीच सांगत नाई.

८ नोव्हेंबर

आमचा एक खेळ आहे. समोरून पिकअप आली का ओळखाची — कितवी? जो पहिले ओळखन तो जिंकला. सकाळी केळझरच्या पुढं भैयाजी मालकाच्या वावरात कापूस वेचाले बाया घेऊन जातो, चौदा बाया मांगं डाल्यात, आईपण त्यायच्यातच. मी पुढं बाबाजवळ. मालाच्या गाडीत माणसं बसवाची नसतात, पण दुसरं काय आहे? तेवढा रस्ता आम्ही दोघं खेळतो.

बाबा नेहमी जिंकते. आधी तं पार दूर ठिपका दिसला का सांगे — गोल! आता जवळ आल्यावर सांगते. तरी बरोबर सांगते.

आज माह्यं ध्यान गेलं. तो पाहून सांगत नाई. मान खिडकीकडं करून ऐकते, मंग सांगते.

चौथी एकदाही नाई ओळखली त्यानं. मले वाटे, रस्त्यावर कमी असतीन. आज मोजल्या. पाच गेल्या. बाबा गप.

९ नोव्हेंबर

लिहावंसं नाई वाटून राह्यलं.

१३ नोव्हेंबर

झालंच.

सकाळी धुकं होतं. वळणावर समोरून नवीन पिकअप आली, आवाज न करता. मले दिसली. बाबाले वाटलं रस्ता मोकळा आहे, त्यानं गाडी तशीच मधात घेतली. "बाबा! डावीकडं!" — मी इतक्या जोरात कधीच ओरडली नसन. त्यानं स्टेरिंग कापलं, गाडी नालीत उतरली. मांगं बाया एकमेकीच्या अंगावर. सुलोचनाकाकूचा ओठ फुटला. आईचा खांदा दांडीवर लागला.

सखूबाई सगळ्यात पहिले उतरली. बाबाच्या तोंडाजवळ जाऊन वास घेतला अन् म्हणे, "काऊन गा श्रावण, सकाळीच लावली काय?"

वास नव्हताच. तरी बाबा हसला. मान खाली घालून म्हणे — "हो. थोडीशी."

माह्या बाबानं जन्मात दारू घेतली नाई! दर रविवारी विहारात पंचशील म्हणते, पाचवं शील सगळ्यात मोठ्यानं. अन् आमचा जिल्हा दारूबंदीचा, घेतो म्हटलं तरी लपूनछपून आणा लागते. त्यानं "थोडीशी" म्हटलं अन् मी बाजूले उभी राहून ऐकलं.

१४ नोव्हेंबर

गाडी धुताना विचारलं. हळूच. "बाबा, खोटं काऊन बोलला?"

किती वेळ चाकच धूत राह्यला. मंग म्हणे, "दारू सोडतो म्हटलं का लोकं माफ करतेत, बेटा. चाबी हातात राह्यते. डोये गेले म्हटलं तं कोण गाडीत बसन?"

अन् म्हणे, "तू हाये ना बाजूले. तू सांगत जा."

म्हणजे माह्यावर आलं. चौदा बाया.

१८ नोव्हेंबर

सांगत जाते. "गड्डा. म्हैस. सायकलवाला. डावीकडं. थांब." वावरात पोचेपर्यंत माह्ये दात दुखतात, इतके आवळलेले असतात. मंग दिवसभर कापूस. मंग परत तेच, संध्याकाळी. खेळ बंद आहे. कोणीच बंद कर म्हटलं नाई, आपोआप झाला.

गावात झालं — श्रावण पिऊन चालवते. चिंधूकाका पानठेल्यावरून ओरडला, "आमालेही पत्ता सांग ना गा, कुठं भेटते!" बाबानं हात हलवला. आवाज आला त्या बाजूले. चिंधूकाका तोपर्यंत तिथून हलला होता.

२१ नोव्हेंबर

विहार कमिटीचा धम्मदीपदादा घरी आलता. चांगला आहे तो. म्हणे, "काका, रविवारी वंदना झाल्यावर सगळ्यासमोर उभं राहून सांगा, सोडली म्हणून. विषय संपला. कोणी काही म्हणणार नाई." बाबा म्हणे, "हो, सांगतो." लगेच! जसा वाटच पाहून राह्यला होता.

आई चहा गाळत होती. तिनं वर पाह्यलं नाई.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजचं आजच लिहून टाकते.

वंदना झाली. बाबा उभा राह्यला, हात जोडले. "मी श्रावण... आजपासून दारू..."

अन् मी उभी झाली. कशी ते माहीत नाई. मी — जिले शाळेत हजेरीले 'उपस्थित' म्हणतानाही घाम फुटे. मी म्हटलं, "बाबा पीत नाई. बाबाले दिसत नाई."

सगळ्यायच्या माना बाबाकडं वळल्या.

मंग सुलोचनाकाकू, ओठाची खपली अजून गेली नव्हती तिची — "म्हणजे? रोज आमाले आंधळा घेऊन जाऊन राह्यला होता? अव माय! याच्यापेक्षा दारूड्या परवडला असता!"

काही जण हसले. बाबा तसाच उभा, हात जोडलेले. मंग चप्पल न घालता घरी गेला. चप्पल मी आणली.

घरी आईले म्हटलं, तुले सांगाले पाह्यजे होतं आधी. ती म्हणे, "मले दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं."

"मंग मांगं काऊन बसत होती?"

"मी बसणं बंद केलं असतं तं बायायले समजलं असतं."

मले तिचा राग आला. मंग तिचा खांदा दिसला, हिरवा-निळा. मंग कशाचाच राग नाई आला. नुसतीच थकली.

२७ नोव्हेंबर

मोठ्या दवाखान्यात नेलं. सात तास. काचबिंदू आहे. डॉक्टरीण मॅडम म्हणाल्या, "गेलेली नजर येत नाही. उरलेली टिकवू. थेंब रोज टाकायचे, चुकवायचे नाहीत. आणि गाडी नाही." बाबानं त्यायले काहीच विचारलं नाई. मलेच पेपर वाचा लागले.

३० नोव्हेंबर

बाबा माह्याशी बोलत नाई. मी थेंब टाकते तं तो डोळा उघडा ठेवते, बस. गाडी अंगणात. तिच्यावर कोंबड्या बसतात.

बाया आता ऑटोत जातात, अर्ध्या बाहेर लटकून. त्यायच्यासाठी सांगितलं, अन् हे असं झालं. सखूबाई रस्त्यात भेटली, "बोलली तं एकदाच बोलली पोरगी, अन् आमची सीट गेली." हसून म्हणे. पण म्हणे.

बरोबर केलं का नाई, मले माहीत नाई.

२ डिसेंबर

काही नाई. थेंब टाकले.

४ डिसेंबर

आई रेशन कार्डाचं काम सांगून वर्ध्याले गेलती. तीन वाजता आली अन् पदरातून कागद काढला — लर्निंग लायसन! आईचं! फोटोत डोळे मोठ्ठे केलेले. कोणाले विचारलं नाई, सांगितलं नाई. सरळ जाऊन गाडीत बसली, बाबाच्या सीटवर. कोंबड्या उडाल्या.

बाबा ओट्यावरून उठला. चाचपत गाडीच्या दारापर्यंत गेला. अकरा दिवसानंतर त्याचा आवाज ऐकला —

"पहिले क्लच, कमला."