चाकाखालचं लिंबू

बाबा,

नागपूरला निघायची तयारी थांबवा. गाडीच्या दोन्ही चाव्या माझ्या खिशात आहेत आणि मी बसने एमपी नगरला, ऑफिसात गेलोय.

काल आईला आणताना लालघाटीच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी पुढे जाईना. जळका वास आला. मग ती मागे घरंगळायला लागली, आणि मागे बस होती. हँडब्रेक वेळेत लागला. आई म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस." म्हणून सांगत नाहीये, लिहितोय.

सकाळी तुम्ही फिरायला गेल्यावर मी तपासलं. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला. इंजिन गचका खाऊन बंद पडायला हवं होतं. ते आरामात गुणगुणत राहिलं, जणू त्याचा या गाडीशी काही संबंधच नाही. क्लच गेलाय बाबा. तुमचा डावा पाय कायम त्यावर टेकलेला असतो, हे बोलायची माझी कधी हिंमत झाली नाही.

या गाडीने नागपूरच्या वाटेवरचा बरेठा घाट चढू नका. आई तुम्हाला नाही म्हणणार नाही, मुकाट शेजारी बसेल. मला भीती त्याचीच वाटते.

संध्याकाळी गाडीच्या मिस्त्रीला घेऊन येतो. तेव्हा हवं तेवढं रागवा.

निघताना चाकाखाली ठेवायला आणलेलं लिंबू फ्रिजमध्ये आहे. त्याचं सरबत करा. आधी आईला द्या, काल ती फार घाबरली होती. थोडं माझ्यासाठीही ठेवा. घाबरलो मीही होतो.

परीक्षित