अकरा जणांतला एक

अंधेरी, रविवार

ती. बाबा,
सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे. उन्हाळ्यात आमच्या लॅबमध्ये दिलेल्या रक्ताचं काय झालं, असं तुम्ही विचारलंत. विस्मरणाचा आजार रक्तावरून आधीच ओळखता येईल का, ते आम्ही शोधतोय. तुलनेसाठी तुमच्यासारख्या अकरा धडधाकट ज्येष्ठांचं रक्त घेतलं होतं. त्यातल्या एकाचा आकडा वाढलेला आलाय. नळ्यांवर नावं नसतात, त्यामुळे कुणाचा ते मलाही माहीत नाही. आणि एका आकड्यावरून काही ठरत नाही.

गुडघा कसा आहे? विहारातला मुलांचा वर्ग अजून तुम्हीच घेता ना?

या वेळी उत्तर तुमच्या हातानं लिहा, बाबा. दोन पानं तरी लिहा. मागचं पत्र आईच्या अक्षरात होतं.

तुमचीच,
दर्शना