दोन आटे जास्त

मी, सूर्यभान तुळशीराम तायडे, वय एकाहत्तर, धंदा मोटार मेकॅनिक, राहणार जुने शहर, अकोला, आज हे माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. अबोली खंडारे यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. भाऊ आहे, तो सारे पाहील, असे मी समजत होतो.

कलम १. राहते घर. हे माझ्या कष्टाचे आहे, वडिलोपार्जित नाही. समोरच्या तीन खोल्या आणि गॅरेज माझी मुलगी माधवी हिला द्यावे. ती अमरावतीला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकवते. मागच्या दोन खोल्यांत माझा धाकटा भाऊ शेषराव आणि त्याची बायको शकुन राहतात. त्या दोन खोल्या एकट्या शकुनच्या नावे कराव्यात. माझी पत्नी माणिकबाई अकरा महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा शकुनने तिला न्हाऊ घातले, घास भरवले. शेषरावने तिथे खुशाल राहावे, पण बायकोच्या घरात राहावे.

कलम २. इम्पाला गाडी, १९६३ सालची. ही माधवीला. ती माझ्याकडे कशी आली ते लिहून ठेवणे भाग आहे, कारण कोर्टाच्या कागदांत ते कुठेच नाही.

गाडी मूळची वकील बापूसाहेब दर्यापूरकर यांची. वीस वर्षे तिला माझ्या गॅरेजबाहेर कोणाचा हात लागला नाही. जानेवारी २०१२ मध्ये त्यांना ती जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनासाठी नागपूरला न्यायची होती. ब्रेकचे पेडल खोल जात होते. मी तपासले. या गाडीला बूस्टर आहे, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा गोल डबा. त्यातून निघणारा दांडा ब्रेकचे तेल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलतो. दांडा आट्यांवर फिरवून लांब-आखूड करता येतो. त्याची लांबी बरोबर होती, मीच मोजून लावलेली. दोष मागच्या चाकांत होता. ब्रेकशू झिजले होते.

मी म्हणालो, "साहेब, चाकं खोला लागतील. दोन दिवस द्या."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या शेषरावकडे गॅरेज सोपवून मी सासूबाई पार्बताबाईंच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनासाठी चांदूर बाजारला गेलो. परत आलो तर गाडी गेलेली होती. त्याच संध्याकाळी कळले, तिवस्याच्या पुढे चाके जाम झाली आणि गाडी बाभळीवर आदळली. बापूसाहेबांना खरचटले. त्यांच्या पत्नी विमलबाईंचा पाय चिरडला.

पंचनाम्यात दांडा दोन आटे जास्त बाहेर निघालेला सापडला. दांडा लांब झाला की पेडल वर येते, गिऱ्हाईक खूश होते. पण दट्ट्या पुरता मागे येत नाही, ब्रेक लागलेलाच राहतो. चाके तापतात, ब्रेकचे तेल तापून फुगते, ब्रेक आणखी आवळतो. शिकाऊ माणूससुद्धा ही चूक एकदाच करतो.

मी शेषरावला विचारले, "तू हात लावला का?"

"नाही दादा. साहेबानं अमरावतीत कोणाले दाखवली असन."

मी विश्वास ठेवला. बापूसाहेबांनी पोलिसांत माझे नाव लिहून दिले. शेषरावने कोर्टात सांगितले की, दादा गेल्यावर गाडी कोणी उघडली नाही. मला वाटले, बिचारा पाहिले तेवढेच सांगतो. सात वर्षे खटला चालला. पुराव्याअभावी सुटलो. निर्दोष म्हणून नव्हे, पुराव्याअभावी. लोकांना हा फरक बरोबर कळतो. जुनी गिऱ्हाइके गल्लीच्या तोंडाशी येऊन दुसरीकडे वळू लागली. माणिकबाई खटला संपायच्या आधीच गेली.

बापूसाहेब २०२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी विमलबाई काठी टेकत गॅरेजमध्ये आल्या. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "सूर्यभानभाऊ, त्या दिवशी मी गाडीतच बसले होते. शेषराव बॉनेटखाली वाकला होता. हे म्हणाले, 'लवकर उरक, भावाला सांगू नकोस.' तिवस्याच्या आधीच मला जळका वास आला. मी म्हटलं, थांबवा. थांबले नाहीत. नंतर दवाखान्यात मला म्हणाले, तू काही पाहिलं नाहीस."

"आणि तुम्ही अकरा वर्षं गप्प राहिल्या?"

"भीती होती," त्या म्हणाल्या. "आणि सोयही होती."

विमलबाईंचा मला राग आला आणि आदरही वाटला. शेडमध्ये गंजत पडलेली गाडी त्यांनी माझ्या नावे केली. मी मागचे शू बदलले, दांडा पुन्हा मोजून लावला. गाडी आता एका पायाच्या दाबात सरळ रेषेत थांबते. माधवीने ती आयटीआयच्या मुलांना उघडून दाखवावी.

कलम ३. हत्यारे. सारी माधवीला. शेषरावला एक पानासुद्धा देऊ नये. विमलबाई येऊन गेल्यावर मी त्याला समोर बसवले.

"काहून केलं?"

तो म्हणाला, "साहेब घाई करून राहिले होते. आन् मंग केस झाली. दादा, तू मोठा होता. तू झेलून घेतलं असतं. माहे लेकरं लहान होते."

"आन् माही माणिक?"

दांडा फिरवणे ही चूक होती, ती मी त्याच दिवशी माफ केली असती. सात वर्षे प्रत्येक तारखेला तो माझ्यासोबत कोर्टात आला, माझ्या डब्यातली भाकर खाल्ली, परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, खरं लपत नसते." ते माफ करणे मला जमत नाही. मी प्रयत्न केला आहे.

कलम ४. अंत्यविधी. त्रिशरण-पंचशील घेऊन साधेपणाने करावा. माधवीला हा मसुदा वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, काका येतीन तं मी काय करू?" मी दोन दिवस विचार केला. त्याला अडवू नये. पण अंत्ययात्रा निघण्याआधी लोक माझ्याबद्दल बोलायला उभे राहतील, तेव्हा सर्वांत आधी शेषरावने उभे राहावे आणि दांडा कोणी फिरवला ते सर्वांदेखत सांगावे. सांगितले तर त्याने खांदा दिला तरी माझी हरकत नाही, माझा भाऊ म्हणूनच द्यावा. सांगवत नसेल तर त्या दिवशी त्याने घरी बसावे, आणि शकुनने विचारले की का गेला नाहीत, तर तिला तरी खरे सांगावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सूर्यभान तुळशीराम तायडे

साक्षीदार:
१. श्रीमती विमल बापूसाहेब दर्यापूरकर
२. डॉ. अबोली खंडारे

अकोला, दिनांक १९ नोव्हेंबर २०२५