करंगळीची खूण

पुणे, स्वारगेटच्या अलीकडून
डिसेंबरचा पहिला सोमवार

प्रिय बापूराव यांस,

रतनचा प्रभूमध्ये सलाम. आपण मांजरी गावात सुखरूप असाल, वेळेवर जेवत असाल आणि सूनबाईंनी दिलेलं दूध कुंडीत ओतत नसाल, अशी माझी आशा आहे. (तुमच्या बहिणीला अशी आशा नाही. विमल म्हणते, दादा लहानपणीही दूध तुळशीला घालायचा आणि आपल्याकडे तर तुळसही नव्हती, शेजाऱ्यांची होती.) डावा हात आता कितपत उचलतो? डॉक्टरांनी दिलेला तो रबरी चेंडू दाबता की नुसता खिशात घेऊन फिरता? तुम्ही पुण्यातच आहात असं तुमचा विश्वजीत सांगतो, महापालिकेचंही तसंच मत असावं. पण ज्या घराच्या अकराव्या मजल्यावरून ऊस दिसतो ते घर पुण्यात आहे हे मानायला आम्हा शहरातल्यांना अजून एक पिढी लागेल. परगावी पत्र लिहायचं असतं, म्हणून लिहितो आहे. शिवाय हल्ली फोनवर तुम्ही ‘बरं’ एवढंच म्हणता आणि पुढचं सगळं मला एकट्याला बोलावं लागतं. पत्रात निदान ते शोभून दिसतं.

बातमी अशी की मी पास झालो. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, उपासना-संगीताच्या पाच महिन्यांच्या प्रशिक्षणात, तिघांत पहिला. (तिघांपैकी एकाने मध्येच लग्न केलं आणि दुसरी, ऋतुजा, तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तरी पहिला तो पहिला.)

एप्रिलमध्ये तुमचा हात गेला, जूनमध्ये तुम्ही पेटीवर कापड टाकलंत आणि कुणाचाही निरोप न घेता मांजरीला गेलात. त्यानंतर सातच्या मराठी उपासनेचं काय झालं हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. कमिटीने मोबाईलवर गाण्यांचा ट्रॅक लावायला सुरुवात केली. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. चाळीस माणसं, सरासरी वय बासष्ट, त्यातली नऊ दम्याची. दुसऱ्या कडव्याला मंडळी पहिल्या ओळीवर असायची आणि मोबाईल तिसऱ्या. शेवटी मोबाईल एकटाच आमेन म्हणून मोकळा व्हायचा आणि आम्ही मागाहून, जमेल तसे, पोहोचायचो. जुलैच्या सभेत कमिटीने सांगितलं की नाताळापर्यंत कुणी शिकलेला माणूस गाणं सांगायला उभा राहिला नाही, तर नव्या वर्षापासून सातची उपासना साडेदहाच्या उपासनेत विलीन करू. विलीन हा शब्द मी तोवर फक्त बँकांच्या बाबतीत ऐकला होता आणि तेव्हाही पासबुक बदलून घ्यायला दीड महिना गेला होता. मी हात वर केला. खरं सांगायचं तर डोक्यावरचा पंखा बंद करा, असं सांगण्यासाठी केला होता. पण पाळकसाहेबांनी लगेच ‘आमचे शेलार गुरुजी’ म्हणून टाळ्या वाजवल्या, मग वर गेलेला हात खाली घ्यायची लाज वाटली. समोर तुमची पेटी कापडाखाली बसलेली दिसली आणि हात खाली घ्यायची इच्छाही उरली नाही.

शिकवणारी उत्कर्षा. साडेदहाच्या उपासनेत गिटारवाल्यांचा ताफा घेऊन उभी असते ती, वय सव्वीस, आठवडाभर कॉम्प्युटर कंपनीत, शनिवारी आमच्यावर. पोरगी गुणी आहे, पण तिची भाषा मला पहिला महिनाभर कळली नाही. पहिल्याच शनिवारी म्हणाली, अंकल, पुढच्या वेळी तुमची स्केल नक्की करून या. मी घरी येऊन खणातून लाकडी फूटपट्टी काढली, पुसली आणि पुढच्या शनिवारी घेऊन गेलो. बापूराव, त्या पट्टीने मी कधी पोराला मारलं नाही, टेबलावर ठेका धरून एकतीस वर्षं कविता मात्र शिकवल्या. दुपारची वेळ, पत्र्यावर कावळ्यांची पावलं, ओल्या पाटीचा वास, आणि पन्नास पोरं एका तोंडाने ‘यमाताराजभानसलगा’ म्हणताहेत... पट्टी हातात धरली की मला ते सगळं दिसायला लागतं, आणि तसं ते दिसत असतानाच उत्कर्षा म्हणाली, अंकल, स्केल म्हणजे कुठल्या सुरात गाता ते. मी म्हणालो, तसं विचार ना, काळी एक. तिने मोबाईलमध्ये बघितलं आणि म्हणाली, ओके, सी शार्प. तुम्ही चाळीस वर्षं मला काळी एक देत आलात आणि मी चाळीस वर्षं सी शार्पमध्ये गात होतो, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

त्यानंतर ती टिकटिक. कानात एक बोंड घालायचं, त्यात घड्याळासारखं काहीतरी चार-चारच्या हिशोबाने वाजत राहतं आणि त्याच्याबरोबर गायचं. मी परीक्षेसाठी आपलंच गाणं धरलं होतं, मी लिहिलेलं आणि तुम्ही चाल लावलेलं, ‘तुझ्या पावलांनी पहाटे उजाडे’. पहिली ओळ नीट गेली, दुसऱ्या ओळीला टिकटिक एकीकडे आणि मी दुसरीकडे. तीन शनिवार असंच. शुभंकर, तो गिटारवाला, शेवटी अगदी आदराने म्हणाला, अंकल, थोडं लेट होतंय का तुमचं? बापूराव, मी चिडलो नाही. मी फळा मागितला. (फळा नव्हता, मग गुळगुळीत पांढरी पाटी दिली, तिच्यावर वासाचं पेन चालतं.) लघू एक मात्रा, गुरू दोन. तु-झ्या-पा, एक दोन दोन, पाच. व-लां-नी, पाच. भुजंगप्रयात पाचात चालतो, त्याला चाराच्या बाकावर बसवलं की त्याचं एक पाऊल बाहेर लोंबतं. लेट मी नाही, तुमचं घड्याळ घाईत आहे. मग उत्कर्षा म्हणाली, अंकल, हे फाईव्ह आहे? हे तुम्ही लोक सकाळी सात वाजता गाता? तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच वाद्यासारखा नाही, वादकासारखा दिसलो. टिकटिक काढून टाकण्यात आली. त्या दिवशी मी घरी रिक्षाने आलो.

राहिल्या खुणा. गाणं सांगणाऱ्याने बोलायचं नसतं, हाताने वादकांना सांगायचं असतं. मूठ म्हणजे वाजवा, हाताचं गोल फिरवणं म्हणजे धृपद पुन्हा. वाद्यं थांबवून नुसत्या माणसांना गाऊ द्यायचं असेल तर तर्जनी वर. इथे मी नाही म्हटलं. सातच्या मंडळीतली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत, माझी तर्जनी दिसली की ती अजून पाठ सरळ करून तोंडावर बोट ठेवतात, गाणार कुठून. बराच विचार करून मी करंगळी निवडली. करंगळी कुणाला दरडावत नाही. उत्कर्षा म्हणाली, क्यूट आहे, चालेल. ती इंग्रजी शाळेत शिकली, तिला काय ठाऊक. मला मात्र ठाऊक असायला हवं होतं. एकतीस वर्षं ज्या माणसासमोर रोज दहा-दहा करंगळ्या वर झाल्या, त्याला करंगळीचा अर्थ विसरता येतो, यावरून मी कवितेत किती बुडालेलो असायचो ते समजा.

इथे गेनबा आला. तुम्ही त्याला चर्चची दारं-खिडक्या सांभाळणारा गेनबा म्हणून ओळखता, मी एकोणीसशे ब्याऐंशीच्या चौथी ब मधला म्हणून. त्या वर्षी एका दुपारी मी डोळे मिटून कविता म्हणत होतो, तिसऱ्या बाकावर गेनबा करंगळी वर करून उभा होता, आणि कविता लांब होती. पुढचं लिहीत नाही. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. पण बापूराव, माणूस विसरत नाही.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, माझ्या परीक्षेचा. उत्कर्षा पहिल्या बाकावर कागद घेऊन, मागे कमिटी हाताची घडी घालून, ऋतुजा कीबोर्डवर, शुभंकर गिटार घेऊन, आणि पेटी आपल्या जागी कापडाखाली. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्याला मी करंगळी वर केली, वाद्यं थांबली आणि ती चाळीस फाटकी नरडी नुसती वर आली. मला डोळे मिटावेसे वाटले. मिटले. करंगळी खाली घ्यायची राहिली. मी हलके हलके डोलतही होतो म्हणे. आता दाराशी उभ्या असलेल्या गेनबाला काय दिसलं असेल ते बघा: गुरुजी, मिटलेले डोळे, पिळवटलेला चेहरा, डोलणारं अंग आणि वर केलेली करंगळी. तो पायातल्या चपला काढून आला, माझा कोपर धरला आणि कानात म्हणाला, “गुरुजी, चला. मागं हाय. मी हाय ना संगं.”

नाही म्हणायला तोंड उघडलं तर तोंडात कडवं होतं. थांबलो असतो तर गाणं पडलं असतं, गाणं पडलं तर मी, आणि मी पडलो तर सातची उपासना. मी गात राहिलो. गेनबा ओढतोय आणि मी मधल्या वाटेने जाता जाता, वर्गात बाकांमधून फिरताना सांगायचो तशी, पुढची ओळ आधी सांगतो आहे. आणि लोकांनी ती उचलली. ज्या बाकाजवळून जाईन ते बाक आवाज चढवायचं. दम्याचे नऊही गायले. मी शेवटच्या दारापर्यंत पोहोचलो तेव्हा तिसरं कडवं लागलं होतं, ते अख्खं कडवं मी तिथेच, जरा बाजूला, थांबून ऐकलं. (नेमका कुठे थांबलो याला महत्त्व नाही.) सांगणारा नाही, वाद्य नाही, घड्याळ नाही, आणि पाचाच्या पाच मात्रा जागच्या जागी. मग चौथ्या कडव्याला मी त्याच वाटेने परत आलो, गेनबा मागे अंगरक्षकासारखा. मूठ वर केली, वाद्यं उठली आणि मंडळीही उठली.

उत्कर्षाच्या कागदावर तिच्याच अक्षरात आहे, मी नकलून घेतलं: ‘सरांनी मंडळीत उतरून गाणं सांगितलं आणि मग स्वतः बाजूला होऊन मंडळीला गाऊ दिलं. हे आम्ही कुणी त्यांना शिकवलं नव्हतं.’ पाळकसाहेब म्हणाले, पुढारीपण म्हणजे वेळेवर दिसेनासं होणं. कमिटीने चहाच्या वेळी विलीनीकरणाचा विषय अजेंड्यावरून काढला. सातची उपासना सातलाच राहणार आणि गाणं मी सांगणार. विमलने त्या दिवशी शिरा केला, आणि त्यात गोड कमी आहे असं मी म्हटलं नाही, इतका मी आनंदात होतो.

विश्वजीतला, सूनबाईंना सलाम. उसाला माझ्यातर्फे काही सांगू नये.

तुमचा,
रतन

ता.क. पत्र विमलने वाचलं. तिचं म्हणणं, तिसऱ्या कडव्याला मी कुठे थांबलो ते लिहिल्याशिवाय ती पत्ता लिहिणार नाही. (पत्ता तिच्याचकडे आहे.) तर ज्या ठिकाणी मी होतो तिथे दाराला आतून कडी आहे. सकाळी दोन चहा झाले होते, वर परीक्षेची भीती, आणि गेनबाचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. ‘मिटे दार माझे, कुणी ते उघाडे’ ही माझीच ओळ बाहेर चालली होती तेव्हा कडी अडकली. गेनबाने बाहेरून खांदा लावून उघडली. शिवाय मंडळी उठली ती आशीर्वादवचनाची वेळ झाली होती म्हणून, असंही विमल म्हणते. हे मला मान्य नाही.

ता.क. दुसरा. तिसऱ्या कडव्यात सगळं जागच्या जागी होतं असं वर लिहिलं आहे, ते पूर्ण खरं नाही. प्रत्येक ओळ संपली की तुमची पेटी दोन-चार सुरांची एक छोटीशी जागा घ्यायची, आठवते? त्या जागेला सगळी मंडळी थांबत होती. चाळीस माणसं, कुणी न सांगता, बरोबर तेवढाच वेळ थांबायची आणि मग पुढची ओळ घ्यायची. मधे काही वाजत नव्हतं. कडीच्या आतून ते फार स्पष्ट ऐकू येतं. तर मुद्द्याचं असं की दर शनिवारी वर्ग सुटल्यावर मी तुमची पेटी पुसतो, आणि पुसता पुसता तिचा भाता मारायला शिकलो आहे. तेवढंच येतं, बोटांना अक्कल नाही. तुमचा डावा हात रजेवर आहे, पण उजवा सूनबाईंशी पत्ते कुटतो असं विश्वजीत सांगतो. भाता मी मारीन, पट्ट्या तुम्ही दाबा. दोघांत मिळून एका पेटीवाल्यापुरता माल अजून शिल्लक आहे. नाताळच्या सकाळची पहिली उपासना आपल्याकडे आहे. विश्वजीत साडेपाचला गाडी काढतो म्हणालाय, त्याला मी आधीच विचारलं आहे, रागावू नका.

ता.क. तिसरा. उत्तर लिहायचा तुम्हाला कंटाळा, आणि फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणाल, त्यावरून येणार की नाही ते कळणार नाही. त्यापेक्षा विश्वजीतकडून नुसता एक फोटो पाठवा, उजव्या हाताची करंगळी वर केलेला. मी समजेन. (विश्वजीतला मात्र कारण आधी सांगा, नाहीतर तो तुम्हाला हाताला धरून भलतीकडेच नेईल.)